हाडाचा ताठपणा : माल आणि मांडणी

इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ जॉन करी यांनी तीन वेगवेगळ्या प्राण्यांची हाडे तपासून १९७९ साली त्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. एक होते लाल हरणाचे शिंग, दुसरे गाईच्या मांडीचे हाड आणि तिसरे फिन जातीच्या देवमाशाच्या कानातले हाड. हरणाचे शिंग हेही खरोखरीचे हाडच असते. गाईम्हशींच्या शिंगाचे वरचे आवरण नखाच्या जातीचे असते, तसे ते नसते. आपल्याकडचे चितळ आणि सांबरही असे हाड डोक्यावर वाढवतात, टाकतात आणि पुन्हा नवे वाढवतात.

तिन्ही हाडांचा माल एकच होता : कोलॅजेन हे प्रथिन, कॅल्शियम-फॉस्फेटचे खनिज आणि पाणी. फरक होता तो प्रमाणाचा. शिंगात खनिज ५९ टक्के, गाईच्या हाडात ६७ टक्के आणि देवमाशाच्या कानात ८६ टक्के. ताठपणा मोजला तर तो अनुक्रमे ७.४, १३.५ आणि ३१.३ गिगापास्कल भरला. खनिज वाढले तसा ताठपणा वाढत गेला. पण हाड मोडायला लागणारी ऊर्जा नेमकी उलटी निघाली. शिंगाला दर चौरस मीटरमागे ६,१९० ज्यूल, मांडीच्या हाडाला १,७१० आणि कानातल्या हाडाला अवघे २०० ज्यूल.

झुंजीत शिंगावर शिंग आपटते तेव्हा ते तुटून चालत नाही, थोडे वाकले तर चालते. देवमाशाच्या कानातल्या हाडावर कधी भार पडत नाही. आवाज ग्रहण करण्यासाठी ते जड आणि ताठ असावे लागते. मांडीच्या हाडाला मात्र शरीर पेलायचे असते आणि ठेच लागली, उडी मारली तर धक्काही सोसायचा असतो. म्हणून ते मधल्या जागी थांबलेले आहे. ताठ असणे आणि चिवट असणे हे दोन्ही गुण एकाच हाडात पुरेपूर मिळत नाहीत.

माणसाच्या हाडाचा ताठपणा गणिताने कसा सांगायचा, हा या प्रकरणाचा विषय आहे. खुब्याचा कृत्रिम सांधा बसवणाऱ्या सर्जनला, मोडलेल्या नडगीवर पट्टी ठोकणाऱ्याला आणि साठीनंतर हाडांची तपासणी करून घेणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याशी कर्तव्य आहे.

ताठपणा म्हणजे नेमके काय

ताठपणा आणि मजबुती यांची बोलण्यात नेहमी सरमिसळ होते. मजबुती म्हणजे मोडण्यापूर्वी वस्तूने सोसलेला जास्तीत जास्त भार. ताठपणा म्हणजे दाबताना, ओढताना किंवा वाकवताना आकार बदलण्याला तिने केलेला विरोध. शाळेच्या पुस्तकात आपण यंगचा गुणांक शिकलो, तो पदार्थाच्या ताठपणाचे माप आहे. एकक क्षेत्रफळावर पडलेला भार म्हणजे प्रतिबल, मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल म्हणजे विकृती, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागले की यंगचा गुणांक मिळतो. पोलादासाठी तो सुमारे २०० गिगापास्कल असतो. माणसाच्या मांडीच्या हाडाचा घट्ट भाग लांबीच्या दिशेने ताणला तर सुमारे १७ ते २०.

हा आकडा हाताशी असला की रोजच्या चालण्याचा हिशेब मांडता येतो. बर्लिनचे जॉर्ज बर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संवेदक बसवलेले कृत्रिम सांधे रुग्णांच्या खुब्यात घालून प्रत्यक्ष बल मोजले. साध्या चालण्यात खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, असे त्यातून दिसले. कारण एका पायावर तोल सांभाळताना नितंबाचे स्नायू जोराने ओढत असतात आणि त्यांची ओढही सांध्यावरच पडते. सत्तर किलोच्या माणसात हा भार सुमारे १,७५० न्यूटन होईल. मांडीचे हाड २८ मिलिमीटर व्यासाची नळी आणि आतली पोकळी १४ मिलिमीटरची धरली, तर घट्ट हाडाचे क्षेत्रफळ सुमारे ४६० चौरस मिलिमीटर येते. भागाकार केला की प्रतिबल ३.८ मेगापास्कल. यंगचा गुणांक १७ गिगापास्कल घेतला, तर ४० सेंटिमीटरचे हाड प्रत्येक पावलाला ०.०९ मिलिमीटरने आखूड होते. प्रत्यक्षात हाड थोडे वाकतेही, म्हणून काही ठिकाणी विकृती याहून जास्त असते. पण चालणारा माणूस आपली हाडे सतत, अगदी किंचित, दाबत आणि सोडत असतो एवढे नक्की.

पोकळीचा उल्लेख आला आहे, तर तिचाही हिशेब करू. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात पोकळ हाडांचा विचार मांडला होता. वरच्या नळीत जेवढे हाड आहे तेवढेच वापरून भरीव दांडा केला, तर त्याचा व्यास सव्वाचोवीस मिलिमीटर भरेल. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. त्या हिशेबाने पोकळ नळी त्याच वजनाच्या भरीव दांड्यापेक्षा सुमारे १.६७ पट ताठ निघते. एक कणही जास्त न वापरता, केवळ माल मध्यापासून दूर सारल्यामुळे, हा फायदा होतो.

मिश्रणाचे कोडे

आता हाडाच्या आत जाऊ. खनिजाचा यंगचा गुणांक सुमारे ११० गिगापास्कल, कोलॅजेनचा दीडएक. दोन्ही मिसळून १७ ते २० कसे येतात?

झोपाळा एका बाजूने लोखंडी साखळीला आणि रबरी पट्ट्याला शेजारीशेजारी टांगला, तर भार साखळीच पेलते आणि झोपाळा फारसा खाली येत नाही. तीच साखळी आणि तोच पट्टा एकाखाली एक जोडला, तर सगळा भार पट्ट्यातून जातो आणि झोपाळा जमिनीला टेकतो. माल तोच, जोडणी वेगळी. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्डेमार फॉइग्ट यांनी १८८९ मध्ये पहिल्या प्रकारच्या मांडणीचे गणित दिले, रॉइस यांनी १९२९ मध्ये दुसऱ्या प्रकारचे. कुठल्याही मिश्रणाचा ताठपणा या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतो.

आकारमानाने ४० टक्के खनिज धरून हाडाचा हिशेब केला, तर फॉइग्टचे सूत्र ४५ गिगापास्कल सांगते आणि रॉइसचे २.५. खरे हाड या दोहोंच्या मध्ये आहे खरे, पण ही दरी एवढी रुंद आहे की उत्तराचा उपयोग होत नाही. लॉरेन्स कॅट्झ यांनी १९७१ मध्ये हेच दाखवून दिले : हाड म्हणजे दोन घटकांचे साधे मिश्रण मानून भागणार नाही, घटक कसे रचले आहेत हे गणितात आणावेच लागेल.

या रचनेच्या तळाशी आहे कोलॅजेनचा रेणू. तो सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतो. त्याची घडण भारतात उलगडली. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीच्या स्नायुबंधातील कोलॅजेनवर क्ष-किरण टाकले आणि त्यात तीन साखळ्यांचा पीळ असल्याचे १९५४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. हे रेणू एकमेकांना समांतर, पण ठरावीक अंतराने मागेपुढे सरकवून रचलेले असतात. त्यांच्यामध्ये आणि भोवती खनिजाच्या अगदी पातळ चकत्या बसतात, जाडी काही नॅनोमीटर.

या चकत्या एकमेकींना टेकलेल्या नसतात. वीटकामातल्या सांध्यांसारख्या त्या एकाआड एक सरकलेल्या असतात. हाड ताणले की ताण चकतीत जातो, चकतीच्या टोकाशी तो शेजारच्या कोलॅजेनच्या थरात उतरतो, थर सरकतो आणि ताण पुढच्या चकतीला पोचवतो. येगर आणि फ्राट्सल यांनी २००० साली या मांडणीचे गणिती मॉडेल दिले. ताठपणा खनिजाकडून येतो आणि चिवटपणा मधल्या सरकत्या थराकडून, ही करी यांच्या तीन हाडांत दिसलेली गोष्ट त्यात समीकरणांसह उतरली. खनिज फार वाढले की सरकायला जागा उरत नाही आणि हाड ठिसूळ होते.

याच्या वर आणखी मजले आहेत. कोलॅजेनचे तंतू काही मायक्रोमीटर जाडीचे पापुद्रे करतात. पापुद्रे रक्तवाहिनीभोवती एकावर एक गुंडाळून सुमारे ०.२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्या होतात, त्यांना ऑस्टिऑन म्हणतात. मांडीच्या हाडाच्या दांड्यात या नळकांड्या मुख्यतः लांबीच्या दिशेने धावतात. म्हणून ताठपणा दिशेप्रमाणे बदलतो. डोनाल्ड रायली आणि अल्बर्ट बर्स्टीन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत माणसाच्या मांडीच्या हाडाचा यंगचा गुणांक लांबीच्या दिशेने १७ गिगापास्कल आणि आडव्या दिशेने ११.५ भरला. नंतर अत्यंत बारीक टोकाने हाड टोचून ऑस्टिऑनचा वेगळा आणि त्यांच्या मधल्या जुन्या हाडाचा वेगळा ताठपणा मोजता येऊ लागला. १९९७ मधील अशा एका मोजणीत नडगीत ऑस्टिऑनसाठी २२.५ आणि मधल्या हाडासाठी २५.८ गिगापास्कल असे आकडे आले. मधले हाड जुने असते, त्यात खनिज जास्त साचलेले असते, म्हणून ते अधिक ताठ.

तेव्हा ‘हाडाचा ताठपणा किती’ या प्रश्नावर ‘कुठल्या हाडाचा, कुठल्या दिशेने, किती बारीक भागाचा, ओल्या की सुक्या’ असे चार प्रश्न परत येतात. सुकवलेले हाड ओल्यापेक्षा ताठ आणि ठिसूळ असते. प्रयोगशाळेत नमुना ओला ठेवायला विसरले, तर सगळा आकडा चुकतो.

जाळीदार हाडाचा घन

आतापर्यंत घट्ट हाडाविषयी बोललो. मणक्याच्या पोटात, खुब्याच्या गोळ्यात, मनगटाजवळ हाड जाळीदार असते. बारीक काड्या आणि पट्ट्यांची जाळी, मध्ये मज्जा. वयस्कर माणसांची हाडे बहुतेक वेळा नेमकी याच जागी मोडतात.

जाळीचा ताठपणा तिच्यात हाड किती आहे यावर फार तीव्रतेने अवलंबून असतो. डेनिस कार्टर आणि विल्सन हेज यांनी १९७७ मध्ये दाखवले की ताठपणा घनतेच्या घनाच्या आणि मजबुती घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे मणक्याची घनता २० टक्क्यांनी घटली तर ०.८ चा घन, ०.५१. ताठपणा निम्मा. घनतेचा अहवाल ‘थोडी कमी’ म्हणत असताना मणका निम्म्या भारातच तेवढाच चेपू लागलेला असतो.

घनाचा नियम उपयोगी आहे, पण तो सगळीकडे एकसारखा लागू होत नाही. एलिस मॉर्गन, हारुन बायरकतार आणि टोनी केव्हेनी यांनी २००३ मध्ये मणका, नडगी, मांडीच्या हाडाची मान अशा वेगवेगळ्या जागांचे नमुने तपासले. घनता सारखी असूनही जागा बदलली की ताठपणा बदलतो, असे त्यांना आढळले. कारण पुन्हा मांडणीच. एके ठिकाणी काड्या असतात, दुसऱ्या ठिकाणी पट्ट्या. एके ठिकाणी त्या भाराच्या दिशेने उभ्या असतात, दुसऱ्या ठिकाणी विखुरलेल्या.

वयानुसार हाड कमी होते तेही दोन तऱ्हांनी. काड्या बारीक होतात किंवा तुटून नाहीशा होतात. मॅथ्यू सिल्व्हा आणि लॉर्ना गिब्सन यांनी १९९७ मध्ये मणक्याच्या जाळीचे गणिती मॉडेल करून दोन्हीची तुलना केली. सगळ्या काड्या थोड्या बारीक करून जेवढे हाड काढले, तेवढेच काही काड्या पूर्ण उचलून काढले, तर दुसऱ्या जाळीची मजबुती कितीतरी जास्त घसरते. वजनकाट्यावर दोन्ही जाळ्या सारख्याच. तुटलेली काडी मात्र भार पोचवत नाही, आणि तिच्या शेजारणीला आधाराविना दुप्पट लांबीचा भाग सांभाळावा लागतो.

झुरिचमधली भेट

जाळीतल्या काड्या मनमानी पद्धतीने पसरलेल्या नसतात, हे एकोणिसाव्या शतकात लक्षात आले. हर्मान फॉन मायर हे झुरिचमध्ये शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. मांडीच्या हाडाचा वरचा भाग उभा कापला की त्यात काड्यांच्या कमानी दिसतात, एक रांग आतल्या बाजूने वर चढणारी, दुसरी बाहेरून वळसा घेत तिला छेदणारी. १८६६ मध्ये हे छेद झुरिचमधील अभियंते कार्ल कुलमन यांच्या नजरेस पडले. पूल आणि याऱ्यांमधील प्रतिबलाच्या रेषा कागदावर काढण्यात त्यांचा हातखंडा होता. वाकड्या मानेच्या यारीत दाब आणि ताण ज्या रेषांनी वाहतात, त्याच रेषा या हाडात आहेत, हे त्यांनी ओळखले. मायर यांनी १८६७ मध्ये हे प्रसिद्ध केले. बर्लिनचे अस्थिशल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी त्यावर वर्षानुवर्षे काम करून १८९२ मध्ये ग्रंथ लिहिला : हाडावरचा भार बदलला की त्याची आतली रचना आणि बाहेरचा आकारही बदलतो.

वोल्फ यांनी हा नियम काटेकोर गणिती असल्याचे मानले, ते जसेच्या तसे टिकले नाही. प्रतिबलाच्या रेषा एकसंध पदार्थासाठी काढलेल्या असतात, हाड तसे नाही, आणि सगळ्या काड्या काटकोनात छेदतही नाहीत. पण गाभा खरा ठरला. टेनिस खेळाडूंच्या दंडाच्या हाडाचे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेले क्ष-किरण मोजमाप याची साक्ष देते : पुरुष खेळाडूंच्या खेळत्या हातात हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे ३५ टक्के जाड होती. दुसऱ्या बाजूला, अंतराळात वजनरहित राहणाऱ्या प्रवाशांच्या खुब्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. इमारतीचा ताठपणा नकाशात ठरतो. हाडाचा ताठपणा वापरात ठरतो, आणि म्हणून त्याचे मॉडेल हे एका दिवसाचे चित्र असते.

संगणकातले हाड

आज एखाद्या रुग्णाच्या मांडीच्या हाडाचे मॉडेल कसे करतात, ते पाहू. आधी सीटी स्कॅन होतो. त्यात प्रत्येक ठिपक्याला क्ष-किरण किती अडला याचा आकडा मिळतो. हवेला उणे १०००, पाण्याला शून्य. रुग्णाबरोबर खनिजाचे प्रमाण आधीच माहीत असलेल्या कांड्याही यंत्रात ठेवल्या जातात. त्यांच्याशी ताडून ठिपक्याच्या आकड्यावरून तिथले खनिज काढतात, खनिजावरून घनता आणि घनतेवरून कार्टर-हेज यांच्यासारख्या सूत्राने ताठपणा.

मग हाडाचे हजारो किंवा लाखो छोटे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याला त्याच्या जागचा ताठपणा देतात. गोळ्यावर सांध्याचे बल, बाजूला स्नायूंची ओढ, खाली गुडघ्याशी आधार. शेजारच्या तुकड्यांनी एकमेकांना धरून राहायचे, एवढी अट घालून संगणक सगळी समीकरणे एकत्र सोडवतो आणि प्रत्येक तुकडा किती दबला, किती ताणला, हे सांगतो. या रीतीला परिमित घटक पद्धत म्हणतात. विमाने आणि धरणांसाठी घडलेली ही पद्धत नेदरलँड्समधील ब्रेकेलमन्स, पोर्ट आणि स्लोफ यांनी १९७२ मध्ये मांडीच्या हाडाला लावून दाखवली. तेव्हा ते एक सपाट चित्र होते. १९९५ मध्ये व्हान रीटबर्गन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म सीटीवरून जाळीतली प्रत्येक काडी मॉडेलमध्ये उतरवली. त्यामुळे घनतेवरून ताठपणाचा अंदाज बांधण्याची गरज पुष्कळ कमी झाली. मांडणी थेट गणितात आली.

मॉडेल चुकते कुठे, हे त्यावर विश्वास ठेवणाऱ्याने आधी पाहावे. जाळीदार हाडाचा ठोकळा कापून यंत्रात दाबला, तर कापलेल्या टोकांशी काड्यांना आधार नसतो, त्या लवकर वाकतात आणि ताठपणा खऱ्यापेक्षा कमी भरतो. अशा मोजणीवर बेतलेले सूत्र मॉडेलमध्ये घातले की तीच चूक हजारो तुकड्यांत जाते. स्नायूंची बले प्रत्येक माणसात वेगळी असतात. म्हणून चांगल्या संशोधनात दान केलेल्या देहांतील हाडे यंत्रात प्रत्यक्ष दाबून, पृष्ठभागावर विकृतिमापक चिकटवून, मॉडेलचा आकडा आणि हाडाचा आकडा शेजारी ठेवतात. ही परीक्षा न दिलेले रंगीत चित्र कितीही देखणे असले तरी त्यावरून रुग्णाविषयी निर्णय घेऊ नये.

परीक्षा दिलेली मॉडेले मात्र खरोखर उपयोगी पडली आहेत. खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा धातूचा दांडा मांडीच्या हाडात बसवतात. कोबाल्ट-क्रोमचा यंगचा गुणांक २०० गिगापास्कलच्या वर, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास, हाडाचा २० च्या आत. ताठ दांडा भार स्वतःकडे ओढतो, वरच्या भागातले हाड बेकार होते, आणि बेकार झालेले हाड शरीर काढून टाकते. सांधा काही वर्षांनी ढिला पडण्यामागे हे एक कारण असू शकते. रिक हाउस्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मॉडेलवर दाखवले की दांडा जितका ताठ तितकी हाडाची झीज जास्त, पण दांडा फार लवचिक केला तर हाड आणि दांडा यांच्या सांध्यावर ताण वाढतो. धातू निवडताना, दांड्याचा आकार ठरवताना हा तोल सांभाळावा लागतो.

आपल्यासाठी यातले काय

आपल्यापैकी बहुतेकांची गाठ पडते ती हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीशी. तिच्या अहवालातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाडे ठिसूळ झाली असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवले. ही तपासणी स्वस्त, झटपट आणि खरोखर गरजेची आहे. पण ती हाडाची सावली मोजते : दर चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम खनिज. काड्या भाराच्या दिशेने उभ्या आहेत की तुटल्या आहेत, हे त्या आकड्यात येत नाही. माल कळतो, मांडणी कळत नाही. म्हणूनच ज्यांचा स्कोअर उणे २.५ च्या वर आहे, अशा अनेकांचीही हाडे मोडतात.

मांडणी बिघडल्याची एक खूण मात्र कुठल्याही यंत्राशिवाय दिसते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे मनगट किंवा खुबा नुसते उभ्या उभ्या पडून मोडला, किंवा पाठीचा मणका वजन उचलताना चेपला, तर ते हाड आधीच कमकुवत झालेले असण्याची शक्यता मोठी असते. घरात आई, सासूबाई किंवा वडील असे पडले आणि प्लॅस्टर निघाले, की ‘पाय घसरला म्हणून मोडले’ एवढ्यावर विषय संपवू नका. स्कोअर चांगला आला असला तरी हाडांच्या ठिसूळपणाचा उपचार लागतो का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पहिल्या अस्थिभंगानंतर दुसरा होण्याचा धोका वाढतो, आणि तो टाळण्याची औषधे आज उपलब्ध आहेत.